आजोबांचा वस्तरा किती जुना? जुने वस्तरे ओळखणं आणि त्यांचं वय काढणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेठेतला एखादा वाडा रिडेव्हलपमेंटला गेला की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, आणि दर दोन-चार ट्रंकांमागे एक वस्तरा निघतोच. मग फोटो येतो, सोबत "किती जुना असेल आणि किती येतील?" हा प्रश्न. गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न येतायत म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे तसं सांगितलंय, म्हणजे परत परत तेच वाचायला नको.

आमच्याकडे ब्लेड अडकवायचा वस्तरा आहे, तो अँटिक म्हणायचा का?

नाही हो. ज्याला आपल्या सलूनमध्ये अर्धं ब्लेड मोडून अडकवतात तो वेगळा, तो आजही दीडशे-दोनशेला मिळतो. एचआयव्हीची भीती पसरल्यावर गिऱ्हाईकच "नवीन ब्लेड लावा" म्हणायला लागलं आणि बघता बघता जुने धारेचे वस्तरे सलूनमधून गेले. या पानावर आपण बोलतोय ते त्या जुन्यांबद्दल, ज्यांचं पातंच धारदार असतं, जे निसण्यावर घासून आणि चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून वापरायचे.

तुम्ही मान, शेपूट वगैरे म्हणता ते नक्की काय?

वस्तरा उघडून हातात धरा. धार ज्याला आहे ते पातं, धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड ती पाठ. पातं संपून, पातं आणि मूठ जोडणाऱ्या खिळ्यापर्यंत जो निमुळता भाग जातो ती मान, छाप बहुतेक तिथेच असतो. खिळ्याच्या पलीकडे जे वळलेलं टोक बाहेर येतं, ज्यावर करंगळी टेकवतात, ते शेपूट. दोन पट्ट्यांची मूठ, ज्यात पातं मिटून बसतं. बस, एवढ्यावर काम भागतं.

साइज कसा मोजायचा? ५/८, ६/८ असं लिहितात ते काय?

हे आपल्याला खरं तर सोपं जायला पाहिजे, कारण ते आपलं सूतच आहे. बोहरी आळीत हार्डवेअरवाला "तीन सुताचा बोल्ट" म्हणतो ना, तेच, एक इंच म्हणजे आठ सूत. पाठीपासून धारेपर्यंत पट्टी ठेवा, पाच सूत भरलं तर ५/८. पण धार लावून लावून पातं झिजतं, त्यामुळे आज पाच सूत भरणारा वस्तरा दुकानातून निघाला तेव्हा सहाचा असू शकतो. पाठीवर दोन्ही बाजूंना चपटे, घासलेले पट्टे दिसले तर झीज बरीच झालीये असं समजा.

छाप दिसतोय पण वाचता येत नाही, काय करू?

पहिलं म्हणजे घासू नका. अंधाऱ्या खोलीत जा, मोबाईलचा टॉर्च मानेला जवळपास समांतर धरा आणि हळूहळू फिरवा, ठोकलेल्या अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि जे दुपारच्या उन्हात दिसत नव्हतं ते दिसतं. तरी नाही जमलं तर पातळ कागद मानेवर ठेवून वरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो तसं. दोन्ही बाजू बघा, एका बाजूला कारखाना आणि दुसऱ्या बाजूला गाव किंवा विकणाऱ्या दुकानाचं नाव असं पुष्कळदा असतं. अर्धाच छाप असेल तर झिजलाय की मुळातच वाकडा बसलाय तेही बघून ठेवा, हाताने ठोकलेले जुने छाप बऱ्याचदा एका कडेला खोल आणि दुसऱ्या कडेला पुसट असतात.

"शेफिल्ड" लिहिलंय, म्हणजे शंभर वर्षं जुना नक्की ना?

नक्की काहीच नाही. शेफिल्ड हे इंग्लंडमधलं पोलादाचं गाव, तिथे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवून ओतायची पद्धत बसवली आणि तेव्हापासून पार विसाव्या शतकापर्यंत तिथे वस्तरे बनत होते, त्यामुळे नुसत्या गावाच्या नावावरून दोनशे वर्षांचा पट्टा मिळतो, वय नाही. जर्मनीचं सोलिंगेन तसंच, फक्त तिथल्या वस्तऱ्यांची चलती १८८० च्या आसपासपासून वाढली कारण त्यांनी पोकळ, पातळ घासलेली पाती बनवण्यात शेफिल्डला मागे टाकलं. स्वीडनचं एस्किलस्टुना आणि फ्रान्सचं थिएर्स ही आणखी दोन नावं अधूनमधून दिसतात.

एक गोष्ट इथेच सांगतो, पुढच्या सगळ्या उत्तरांना ती लागू आहे. छाप तुम्हाला "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगतो, "याच वर्षीचा" असं कधीच सांगत नाही. बाकीचं आकार सांगतो. आणि जुन्या बाजारातला विकणारा जे सांगतो ते सगळ्यात शेवटी धरायचं, "पेशव्यांच्या काळातला" म्हणून दिलेला एक वस्तरा माझ्याकडे आहे, त्यावर "वेस्ट जर्मनी" आहे.

छाप अजिबात नाही किंवा झिजलाय, नुसत्या आकारावरून वय सांगता येतं का?

येतं, आणि माझ्या मते छापापेक्षा जास्त भरवशाने येतं, कारण छाप नक्कल करता येतो पण घडण नक्कल करायला कोणी बसत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी शेपूट बघा. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला शेपूट नसतंच, किंवा खिळ्यापलीकडे नखाएवढा खुंट असतो, उघडायचा म्हणजे पात्यालाच बोट लावावं लागतं. १८०० च्या आगेमागे हा खुंट लांबायला लागतो, आधी बारीक आणि आखूड, मग करंगळी टेकेल असा. १८३० पर्यंत चांगलं वळणदार शेपूट आलेलं असतं आणि त्याच सुमारास मानेच्या खालच्या बाजूला बोट घसरू नये म्हणून बारीक खाचा पाडायला लागले. त्या खाचांवरून नख फिरवलं की किर्र वाजतं. शेपूट नाही पण खाचा आहेत असं दिसलं तर शंका घ्या, बहुतेक शेपूट मोडलेलं असतं.

मग पातं. जुन्यात जुनी पाती मानेकडे अरुंद आणि टोकाकडे रुंद होत जातात. मान आणि पातं यांच्यात खांदा असा नसतो, एकातून दुसरं सरळ निघतं. पुढे खांदा येतो, मग १८४०-६० च्या दरम्यान ते आडदांड, सात-आठ सुताचे रुंद वस्तरे येतात ज्यांच्याकडे बघून दाढीपेक्षा मटणाची आठवण होते. शेफिल्डच्या वेड अँड बुचरचे असे पुष्कळ दिसतात.

तिसरं म्हणजे पात्याचा छेद. टोकाकडून, म्हणजे समोरून बघा. जुन्यांचा छेद सरळ पाचरीसारखा, लाकूड फोडायच्या पाचरीची दोन्ही अंगं सपाट असतात तसा. नंतर अंगं थोडी आत गेलेली, आणि १८८० च्या पुढे यंत्रावर घासलेली पूर्ण पोकळ पाती, इतकी पातळ की अंगठ्याच्या नखाने धारेला अगदी हलकं, आडवं खेटलं की टिंग असा आवाज येतो. पाचरीवाला मुका असतो, नुसतं टक्क. (हे करताना बोट सांभाळा, आमच्या ओळखीच्या एका सलूनवाल्या काकांनी मला हे शिकवलं आणि पहिल्याच दिवशी बँडेज पण त्यांनीच लावलं.)

पण अपवाद आहे. पाचरीचा छेद म्हणजे जुना हे उलटं नेहमी खरं नाही, कारण राठ दाढीसाठी जाड पाती नंतरही बनत राहिली. पूर्ण पोकळ मात्र १८५० चा म्हणून कोणी विकत असेल तर हात जोडून पुढे जा.

मुकुट आणि "जी आर" असा छाप आहे, हा कुठला राजा?

इथे भले भले फसतात. मुकुटासोबत "व्ही आर" असेल तर व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. "डब्ल्यू आर" असेल तर चौथा विल्यम, १८३० ते १८३७, आणि तो अवघी सात वर्षं राजा होता म्हणून असा वस्तरा मिळाला तर काळ छान आवळून मिळतो. पण "जी आर" म्हणजे जॉर्ज, आणि जॉर्ज दोन खेपांना झाले: १८३० पर्यंतचे, आणि मग परत १९१० ते १९५२ पाचवा आणि सहावा. म्हणजे एकाच छापाचे दोन अर्थ, मध्ये ऐंशी वर्षांची दरी. निकाल आकारानेच लागतो, बारीक शेपूट, पाचरीचा छेद, वॉशर नसलेला खिळा असं असेल तर पहिल्या खेपेचे जॉर्ज, पोकळ पातं आणि सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, मूठ असेल तर आपल्या आजोबांच्या लहानपणचे जॉर्ज.

शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सच्या वस्तऱ्यांवर राजघराण्याचे कटलर, म्हणजे सुऱ्या-वस्तरे बनवणारे, असं लिहिलेलं असतं, हा मान त्यांना १८२२ साली चौथ्या जॉर्जकडून मिळाला. तिथे "हिज" आहे का "हर" ते बघा. "हर मॅजेस्टी" म्हणजे जवळजवळ नेहमी व्हिक्टोरियाच. रॉजर्सची खूण चांदणी आणि माल्टीज क्रॉस, तीही शोधा.

नुसतं "इंग्लंड" लिहिलेलं आणि "मेड इन इंग्लंड" लिहिलेलं यात काय फरक?

नेटवर सगळीकडे एक नियम सापडेल: देशाचं नाव नसेल तर १८९१ च्या आधीचा, नुसतं नाव असेल तर १८९१ नंतरचा, "मेड इन" असेल तर १९२० च्या पुढचा. हा नियम चुकीचा नाहीये पण तो अमेरिकेचा आहे. तिथे १८९० साली मॅकिन्ली टॅरिफ कायदा झाला आणि मार्च १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. आता विचार करा, शेफिल्डहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने पुणे कॅम्पातल्या दुकानात आलेल्या वस्तऱ्याचा अमेरिकेच्या कस्टमशी संबंध काय? काही नाही. त्यामुळे आपल्याकडे मिळणाऱ्या शेफिल्डच्या वस्तऱ्यावर "इंग्लंड" नाही म्हणून तो १८९१ च्या आधीचा हे गणित बसत नाही. उलट दिशेने मात्र बसतं, "इंग्लंड" असेल तर बहुधा त्यानंतरचा.

जर्मन मालाचं तर आणखी वेगळं. ब्रिटनने १८८७ मध्ये मर्चंडाइज मार्क्स कायदा केला, कारण जर्मन माल इंग्लिश नावांनी विकला जातोय अशी शेफिल्डवाल्यांची बोंब होती, आणि हिंदुस्थानात तशाच धर्तीचा कायदा १८८९ मध्ये आला. म्हणजे ब्रिटिश राज्यात विकलेल्या वस्तऱ्यावर "मेड इन जर्मनी" हे एकोणिसाव्या शतकातही असू शकतं. अमेरिकन नियम लावून तुम्ही त्याला तीस वर्षांनी तरुण कराल.

बाकी जर्मन खुणा पटकन: "डी आर पी" हे पेटंट, १८७७ च्या आधी नाही. "डी आर जी एम" ही डिझाइनची नोंद, १८९१ च्या आधी नाही. "वेस्ट जर्मनी" १९४९ ते १९९०. इंग्लिश वस्तऱ्यावर "आर डी" आणि पुढे नंबर असेल तर १८८४ किंवा नंतर.

पात्यावर चक्क १७३१ लिहिलंय! मग एवढं गणित कशाला?

कारण तो कारखान्याचा वाढदिवस आहे, वस्तऱ्याचा नाही. हेंकेल्स या जर्मन कारखान्याची जुळ्यांची खूण सोलिंगेनला १७३१ साली नोंदवली गेली आणि ती अभिमानाने मिरवतात. चितळ्यांच्या डब्यावर स्थापनेचं साल असलं तरी आतली बाकरवडी कालचीच असते ना, तसं. काही पात्यांवरची सालं प्रदर्शनात मिळालेल्या पदकांची असतात. ती निदान "याच्या आधीचा नाही" एवढ्यासाठी उपयोगी पडतात.

"कास्ट स्टील", "सिल्व्हर स्टील", "इंडिया स्टील" यात काय खरं?

"कास्ट स्टील" म्हणजे वर सांगितलं ते हंट्समनचं मुशीतलं पोलाद, हे शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतात आणि पुढे इतके सर्रास झाले की वयासाठी एकट्याने उपयोगाचे नाहीत.

बाकीच्या दोघांची गोष्ट भारी आहे आणि ती आपल्या मुंबईतून सुरू होते. १७९४ मध्ये मुंबईतल्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने दक्षिण हिंदुस्थानातलं वूट्झ पोलाद लंडनला जोसेफ बँक्सकडे, म्हणजे रॉयल सोसायटीच्या अध्यक्षाकडे पाठवलं. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सनने त्यावर निबंध वाचला. लंडनमधला कटलर जेम्स स्टोडार्ट तर या पोलादाच्या इतका प्रेमात पडला की त्याने ते वापरायला घेतलं आणि स्वतःच्या जाहिरातीत युरोपातल्या चांगल्यात चांगल्या पोलादापेक्षा हे सरस असं छापलं. मग स्टोडार्ट आणि मायकेल फॅरडे, हो तोच विजेवाला फॅरडे, यांनी वूट्झचं रहस्य शोधता शोधता पोलादात वेगवेगळे धातू मिसळून बघितले, १८२० आणि १८२२ मध्ये ते छापलं, आणि पाचशे भागांना एक भाग चांदी घातली तर पोलाद सुधारतं असं त्यांना दिसलं. झालं, शेफिल्डवाल्यांनी "सिल्व्हर स्टील"चे छाप ठोकायला सुरुवात केली.

म्हणून "सिल्व्हर स्टील" असेल तर १८२० च्या आधीचा नाही. चांदी मात्र शोधू नका, पुढे पुढे ते नुसतं नाव उरलं. आणि "इंडिया स्टील" म्हणजे इंडियात बनलेला वस्तरा नव्हे, वूट्झच्या नावाचा दबदबा वापरलेला इंग्लिश माल. त्यात खरंच आपलं पोलाद आहे का ते छापावरून कळत नाही.

"बेंगॉल" लिहिलंय, म्हणजे बंगालचा ना?

नाही, तोही शेफिल्डचाच, कॅडमन नावाच्या घराण्याचा ब्रँड. फार चांगले वस्तरे असतात पण.

मूठ हस्तिदंताची आहे असं आजी म्हणते, कसं ओळखायचं?

पांढरी-पिवळी मूठ म्हणजे तीनपैकी एक: हस्तिदंत, हाड, किंवा सेल्युलॉइड. भिंग घ्या. हाडात बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात, ती रक्तवाहिन्यांची भोकं. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकांना तिरप्या छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी असते, पट्टीच्या टोकाला बघा. सेल्युलॉइडमध्ये रेघा असल्या तर त्या वहीतल्यासारख्या सरळ आणि एकसारख्या, निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने चोळलं की कापराचा वास येतो तोही सेल्युलॉइडचाच.

गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं.

खरंच हस्तिदंत निघालं तर विकायचा विचार डोक्यातून काढा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली आपल्याकडे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे आणि "खूप जुनं आहे" म्हणून सूट मिळत नाही. कासवाच्या पाठीच्या मुठीचंही तेच. काळी किंवा मधाच्या रंगाची, उजेडात धरली की कडेला आरपार दिसणारी असेल तर ते बहुतेक शिंग, तेव्हा काळजी नको.

मूठ चिकट झालीये, तडे गेलेत आणि पातं नेमकं मुठीत असतं तेवढंच गंजतंय. असं का?

सेल्युलॉइड कुजतंय. ते सडताना आम्लाची वाफ सोडतं आणि ती पात्याला खाते. आजच पातं मुठीबाहेर उघडं ठेवा आणि हा वस्तरा बाकीच्यांपासून लांब ठेवा, कारण एका पेटीतला एक सडला की शेजारचे पण जातात, बटाट्यासारखं. यावर इलाज नाही, मूठ बदलणं एवढंच.

पातं जुनं वाटतंय पण मूठ नवी, मग वय कुठलं धरायचं?

पात्याचं. मुठी मोडायच्या, किडे शिंग खायचे, आणि न्हावी लोक त्या सर्रास बदलून घ्यायचे. म्हणून मी दोन्हींचं वय वेगळं काढतो. मूठ सेल्युलॉइडची असेल तर मूठ १८७० नंतरची, बेकेलाइट असेल तर १९०९ नंतरची, पण पातं १८२० चं असू शकतं. खिळ्याची जागा बघा, मुठीतल्या भोकाच्या कडा ताज्या आणि पात्याचं भोक घासून अंडाकृती झालेलं असेल तर लग्न दुसरं आहे. पहिल्या मुठीसकटचा वस्तरा जास्त मोलाचा, अर्थात.

बाणासारखी खूण आणि मुठीवर नंबर कोरलेत, कोणाचे?

वर टोक असलेला, तीन रेघांचा जाड बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल, सैन्यातल्या शिपायाला दिलेला. मुठीवरचा नंबर त्या शिपायाचा. पुण्यात हे मिळणारच, एका बाजूला कॅम्प आणि दुसऱ्या बाजूला खडकी, दोन-दोन छावण्या होत्या. यातले बहुतेक पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे निघतात. त्याच युद्धात जिलेटचं सेफ्टी रेझर सैनिकांच्या हाती गेलं आणि वस्तऱ्याचे दिवस भरत आले.

खोटा किंवा "जुना केलेला" कसा ओळखायचा?

सरळसोट नकली जुने वस्तरे कमीच, कारण एवढी मेहनत घेऊन मिळणार किती. जास्त दिसतो तो नवा हलका माल, त्यावर जुनं नाव. जुना छाप ठोकलेला असतो, खोल, अक्षराच्या तळाशी काळं बसलेलं. नवं नाव लेझरने वरच्यावर करडं कोरलेलं, नखाला लागत नाही. गंजही बघा: खरा गंज खड्डे पाडतो आणि खिळ्याभोवती, मुठीच्या आत जास्त असतो, आम्लात बुडवलेला सगळीकडे सारखा नारिंगी असतो. मी स्वतः एकदा रविवारी जुन्या बाजारात गर्दीत, घाईत, नऊशे रुपयाला "व्हिक्टोरियाचा" घेतला, घरी येऊन टॉर्च मारला तर मान गुळगुळीत आणि स्टेनलेस. स्टेनलेस पोलाद विसाव्या शतकातलं आहे, महाराणी तेव्हा नव्हत्या. तेव्हापासून टॉर्च खिशात.

पॉलिश करून चकाचक करू का?

नको, नको, नको. ब्रासो नाही, पॉलिश पेपर नाही, आणि बफिंगच्या चाकावर तर अजिबात नाही. माझा पहिला चांगला वस्तरा, पात्यावर जहाजाचं बारीक चित्र आम्लाने कोरलेलं, मी एका वर्कशॉपमध्ये बफला दिला आणि अर्ध्या मिनिटात जहाज बुडालं. शिवाय चाकावर पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. लाल गंज तेल लावून फडक्याने निघेल तेवढा काढा, काळपट-राखाडी डाग राहू द्या.

पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून काय करता?

शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब, आणि खिळ्याच्या फटीत एक. खोबरेल अडीअडचणीला चालतं पण थंडीत थिजतं. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, चामडं दमटपणा धरतं, केस वेगळी आणि वस्तरा वेगळा. सिलिका जेलच्या पुड्या बुटांच्या खोक्यातून जमवा.

याने दाढी करता येईल का?

पातं सरळ असेल, धारेला तडा नसेल तर येईल, दीडशे वर्षांचं शेफिल्ड आजही सुरेख चालतं. पण आधी नीट साफ करा, आणि धार लावून घ्या ती वस्तऱ्याची माहिती असलेल्याकडून, सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या सुरी-कात्रीवाल्याकडून नव्हे. पूर्ण पोकळ पातं त्या चाकावर गेलं की संपलं.

लोहाराकडचा देशी वस्तरा आहे, काहीच छाप नाही. वय?

इथे वर दिलेले आकाराचे नियम लावू नका, ते शेफिल्डसाठी आहेत. गावच्या लोहाराने आपल्या बापाने बनवला तसाच बनवला, बिनशेपटाचा, जाड पाठीचा, त्यामुळे १८६० चा आणि १९४० चा एकसारखा दिसू शकतो. अशा वेळी वस्तूपेक्षा घरचा इतिहास कामाचा: कोणाचा, कुठल्या गावचा, धोकटीत (न्हाव्याच्या हत्यारांच्या पिशवीत) आणखी काय होतं. धोकटी असेल तर अख्खी एकत्र ठेवा, वाटी, नखं काढायची नराणी, चामड्याचा पट्टा, सगळं. रोजच्या वापरातल्या वस्तूंचा असा संच किती बोलका असतो ते बघायचं असेल तर शुक्रवार पेठेत केळकर म्युझियमला एक चक्कर मारा.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याला पाठवता येईल का?

शंभर वर्षांच्या आतला असेल तर हरकत नाही, विमानात हातातल्या बॅगेत मात्र चालणार नाही. शंभरच्या वर गेलेला वस्तरा १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात येऊ शकतो आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वय सीमेवर असेल तर पुरातत्त्व खात्याकडून "ही पुरातन वस्तू नाही" असा दाखला घेता येतो. म्हणून वय काढणं हा नुसता छंद नाही, कस्टमवाल्यासमोर ते कामाला येतं.

किंमत किती येईल?

साध्या सोलिंगेनला जुन्या बाजारात मी दोनशेपासून सहाशेपर्यंत मोजलेत. किंमत वयावर कमी आणि अवस्थेवर जास्त ठरते, धारेला तडा असेल तर १७९० चा असला तरी तो शोभेचाच. आजोबांचा असेल तर माझं ऐका, विकू नका, एवढ्या पैशात आता चौघांचं मिसळपाव पण होत नाही.

तुम्हाला फोटो पाठवायचे तर कसे?

पाच फोटो: पूर्ण उघडलेला, मानेच्या दोन्ही बाजू टॉर्च आडवा धरून, टोकाकडून पात्याचा छेद, मुठीचं टोक जवळून, आणि शेजारी पट्टी ठेवून एक. उघडा वस्तरा दुसऱ्या कोणाला धरायला सांगू नका, टेबलावर ठेवा. आणि शेपूट फ्रेममध्ये येऊ द्या, जवळजवळ सगळे तेच कापतात.